गांगुर्डे बाईंचा शनिवारचा वर्ग

गांगुर्डे बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं नव्हतं. दारात उभ्या राहिल्या, काच वर केली आणि विचारलं, "सिंधूताईंचं घर हेच ना?"

बायकोचं तेरावं होऊन गेलं होतं. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली होती. लोक यायचे, 'फार मायाळू होत्या हो' म्हणायचे, चहा पिऊन जायचे. त्या वाक्याचा मला वीट आला होता. बाई तसलं काही बोलल्या नाहीत. हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या, बिनसाखरेचा चहा प्यायल्या, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ताईंची जागा रिकामी आहे. शनिवारी दुपारी तुम्ही या."

"कुठं?"

"स्पॅनिशच्या वर्गाला."

मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. "बाई, मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आख्खी नोकरी सातपूरला लेथ मशीनवर काढली. मला काय करायची स्पॅनिश?"

"ताई चौथीच होत्या."

"ती हुशार होती."

"होत्या," बाई म्हणाल्या, हेल्मेट चढवलं आणि निघाल्या. मी हुशार आहे की नाही, यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आमची मुलगी सुनीता स्पेनमध्ये असते. तिकडच्याच मुलाशी लग्न केलं. जावई भला माणूस आहे. पण त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मार्ता, त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरं काही येत नाही. दर रविवारी त्यांचा व्हिडिओवर फोन येतो. सुनीताची आई सुरुवातीला नुसती हसायची, हात हलवायची, पोळी कशी लाटतात ते मोबाइलपुढे धरून दाखवायची. मग एके दिवशी म्हणाली, विहिणीशी असं मुक्यासारखं किती दिवस बोलायचं. जवळच्या शाळेत वर्ग भरतो असं तिला भाजीवालीकडून कळलं आणि ती जायला लागली. मग ती गेलीच. मेंदूतली शीर फुटली, काही बोलायला वेळ मिळाला नाही. फोन मात्र रविवारी येत राहिला. मार्ताबाई पडद्यावर रडायच्या, काहीतरी विचारायच्या, मी ठोकळ्यासारखा बसायचो. सुनीता मध्ये पडून अर्थ सांगायला लागली की तिलाच हुंदका फुटायचा. म्हणून गेलो वर्गाला. बाईंनी बोलावलं म्हणून नाही.

वर्ग भरायचा तिसरीच्या खोलीत. बाक एवढे बुटके की गुडघे पोटात यायचे. भिंतीवर पाढे, फळांची चित्रं, एका बाजूला जगाचा नकाशा. तो बाईंचा स्वतःचा. आम्ही सगळी मोठी माणसं, कुणी कारखान्यातलं, कुणी ऑफिसातलं, कुणी शेतातलं, लहान पोरांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसायचो आणि लहान पोरांसारखेच बाईंना घाबरायचो.

बाई पन्नाशीला टेकलेल्या. अंगाने काटकुळ्या. आवाज मात्र असा की व्हरांड्यातलं कुत्रं उठून जायचं. आठवडाभर त्याच शाळेत इतिहास शिकवायच्या, शनिवारी दुपारी आम्हाला. चष्म्याच्या डबीत खडू ठेवायच्या आणि चष्मा डोक्यावर. फळा पुसायला ओलं फडकं. कोरड्या डस्टरनं कुणी पुसला की त्याच्या अंगावर जायच्या, कारण खडूची धूळ त्यांच्या छातीत बसायची. खोकत खोकत रागवायच्या. शिकवताना एका जागी उभ्या म्हणून राहायच्या नाहीत. तुमच्या बाकाशी येऊन तुमच्या तोंडाकडे रोखून बघायच्या, दाताच्या डॉक्टरसारख्या.

"तोंड उघडा, बोरस्ते. दात मोजायला मी आलेले नाही."

माझं तोंड उघडायचं, पण जीभ वळायची नाही. लेथचा गंजलेला चक जसा किल्ली घालूनही फिरत नाही, तशी. त्यांच्या भाषेतला तो लांबलचक 'र्र्र' काढताना मला ठसका लागायचा. बाई म्हणायच्या, "पुन्हा." मी पुन्हा ठसकायचो. "पुन्हा." त्यांना दया नव्हती. कौतुकही नव्हतं. कुणी अगदी बरोबर बोललं तर म्हणायच्या, "चालेल." त्याच्या वर त्यांच्याकडे काही नव्हतं.

उशिरा येणाऱ्याला दारातच उभं राहून उशीर का झाला ते स्पॅनिशमध्ये सांगावं लागायचं. आम्हाला शब्द येत होते किती? त्यात 'आउतोबुस' तेवढा सोपा. म्हणून जो तो बसवर खापर फोडायचा. इरफान नावाचा एक फिटर होता, तिशीतला. त्याच्या कारखान्यात स्पेनहून मशिनं आली होती आणि त्यांची पुस्तकं कुणाला वाचता येत नव्हती. तो हातात मोटारसायकलची किल्ली फिरवत दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आउतोबुस."

"किल्ली कुणाची?" बाई मराठीत विचारायच्या.

"माझी, मॅडम."

"बसला किल्ली तू लावतोस?"

मग त्याला 'मोटारसायकल' आणि 'पेट्रोल नाही' हे दोन्ही शिकेपर्यंत बाहेर उभं राहावं लागायचं.

कारण बाईंचा एक कायदा होता. या खोलीत खोटं बोलायचं नाही. वाक्य कितीही शुद्ध असो, खोटं असेल तर चूक. पुस्तकात लिहिलेलं असायचं की माझ्याकडे पांढरं मांजर आहे. इरफाननं ते फाडफाड म्हणून दाखवलं.

"कुठंय मांजर?" बाई म्हणाल्या.

"पुस्तकात आहे, मॅडम."

"मग पुस्तकाला बोलू दे. तुझ्याकडे काय आहे?"

त्यानं जरा विचार करून सांगितलं की माझ्याकडे एक बकरी आहे. बाई म्हणाल्या, "चालेल."

का असं, हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दुसऱ्याची वाक्यं पाठ करून पोपट होतो. स्वतःचं खरं काहीतरी सांगायची वेळ येते तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही. मी पोपट पाळत नाही." बोलणं पटलं. पण त्याचा त्रास पुढे मलाच झाला.

त्या स्वतः स्पेनला कधी गेल्या नव्हत्या. स्पेनलाच काय, कुठेच नाही. पुण्याला वसतिगृहात राहून शिकल्या, एवढंच कळलं. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हटकून विचारायचा, "मॅडम, तुम्ही गेलाय का तिकडं?" बाई म्हणायच्या, "नाही. पुढचा प्रश्न." आवाज चढायचा नाही, पण त्यानंतर थोडा वेळ खडू जोरात आपटायचा. नकाशावर स्पेनच्या जागेला बोट लावून लावून कागद काळा पडला होता.

मला बोलावण्यामागचं खरं कारण मला दोनेक महिन्यांनी कळलं. संस्थेच्या सचिवांना शनिवारी ती खोली दुसऱ्या क्लासला द्यायची होती. पोरांना यंत्रमानव का काय ते बनवायला शिकवणारे कुणी आले होते. सचिव म्हणाले होते, वर्गात पुरेशी माणसं असली आणि पहिल्या परीक्षेत त्यातली निम्मी तरी पास झाली तर वर्ग राहील, नाहीतर खोली जाईल. बाईंनी ते आम्हाला फळ्यासमोर उभं राहून सरळ सांगून टाकलं. म्हणाल्या, "ही खोली गेली तर मला दुसरी मिळणार नाही. तेव्हा अभ्यास करा."

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. "म्हणजे तुम्हाला डोकी भरायची होती. म्हणून घरी आलात."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला घरात बसवत नव्हतं. म्हणून तुम्ही आलात."

असल्या माणसाशी भांडणार कसं.

मग आला घरच्या माणसांचा धडा. बाप, आई, नवरा, बायको, त्यांची नावं. आमच्यात कल्पना शिंदे म्हणून निफाडकडची बाई होती, चाळिशीची, द्राक्षबागेच्या घरातली. त्यांनी तिकडच्या जातीची द्राक्षं लावली होती आणि तिकडचा माणूस बाग बघायला यायचा. मधला दुभाषा आपल्याला पाहिजे तेवढंच सांगतो, असा तिला संशय. म्हणून एसटीनं दर शनिवारी यायची. बाईंनी सुरुवात तिच्यापासून केली.

"कोमो से यामा सु एस्पोसो?" तुमच्या नवऱ्याचं नाव काय.

कल्पना उभी राहिली. पदर सारखा केला. "एल पापा दे रोहित," म्हणाली. रोहितचे पप्पा.

वर्गात कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मलाही नाही. बाई मात्र थांबल्या.

"मी नातं नाही विचारलं. नाव विचारलं."

"मॅडम, नाव कसं घेणार? आमच्यात नाय घेत."

"हे तुमचं घर नाही."

"पण तोंड तर घरचंच हाय ना."

सगळे हसले. इरफान म्हणाला, "मॅडम, उखाणा चालेल का?"

"स्पॅनिशमध्ये जुळवता येत असेल तर घेऊ दे."

बाई हटायला तयार नव्हत्या. त्यांनी प्रश्न परत विचारला, परत विचारला. कल्पना लाल झाली, पदराच्या टोकाशी खेळली, मागं वळून दाराकडे बघितलं, जसं काही सासू तिथं उभी आहे. शेवटी तोंडावर पदर धरून एका दमात बोलली, "मी एस्पोसो से यामा दत्तात्रय." माझ्या नवऱ्याचं नाव दत्तात्रय. आणि मटकन खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "आता घरी गेल्यावर त्यांना ठसका लागलेला असंल बघा," म्हणाली.

"चालेल," बाई म्हणाल्या. "बोरस्ते. तुमची बायको."

मी म्हणालो, "ला मामा दे सुनीता."

"पुन्हा."

"तेच उत्तर आहे."

मी काही वेगळा वागत नव्हतो. आमच्या वेळी नवराही नाव घेत नसे. 'अगं', 'ऐकलं का', 'सुनीताची आई'. लग्नात बायांनी घास अडवला तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही आत्यानं पाठ करून दिलेल्या उखाण्यात. त्यानंतर गरज पडली नाही. घरात दोनच माणसं, हाक कुणाला मारली हे दुसऱ्याला कळतंच. आणि आता ती नसताना, या खोलीत, आंब्या-केळ्यांच्या चित्रांखाली उभं राहून मी ते नाव काढू? का म्हणून?

"ती आता नाही, बाई," मी म्हणालो. "नसलेल्या माणसाचं काय सांगायचं?"

"नाही असं सांगायला भूतकाळ लागतो. तो पुढच्या पुस्तकात आहे. या पुस्तकात सगळे आहेत."

मला एवढा संताप आला की मी पिशवी उचलली आणि घरी निघून आलो. ते बोलणं कठोर होतं म्हणून नाही. खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात परत परत म्हणत होतो. या पुस्तकात सगळे आहेत. त्याचाच जास्त राग आला.

पुढचा शनिवार गाठलाच, कारण रविवारी परत तो फोन येणार होता. बाईंनी हजेरी घेतली आणि पहिला प्रश्न मलाच विचारला. तोच. मी तेच उत्तर दिलं. त्यापुढच्या शनिवारीही तेच. रोज देवाला फूल वाहावं तसा तो प्रश्न त्या वर्गाच्या सुरुवातीला विचारायच्या, मी 'सुनीताची आई' म्हणायचो, त्या म्हणायच्या 'बसा', आणि पुढे जायच्या. ना त्या दमल्या, ना मी. बाकीचा वर्ग कंटाळला.

इरफान मला चहाच्या टपरीवर म्हणाला, "काका, कुठलंही नाव ठोकून द्या ना. सगुणा बोला. विषय संपला."

"बाईंना खरं माहीत आहे. आणि खोटं कशाला बोलू?"

"मग खरं बोला."

"तू चहा पी."

कल्पना शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काका, ताईंनी तर फटकन घेतलं होतं तुमचं नाव."

मला आधी कळलंच नाही.

"मागच्या वेळी हाच धडा झाला होता ना, तेव्हा. मी तेव्हा नुसती ऐकायला बसले होते, पहिलाच दिवस माझा. मॅडमनी विचारलं आणि ताईंनी पूर्ण नाव घेतलं. आडनावासकट. लय मोठ्यानं. म्हणून तर मला वाटलं, हितं यायला हरकत नाय."

चहा हातात गार झाला. आमच्या आख्ख्या संसारात तिच्या तोंडून मला माझं नाव कधी ऐकायला मिळालं नाही. 'अहो' मिळालं, 'ऐकता का' मिळालं, रागाच्या भरात 'तुम्ही म्हणजे ना' मिळालं. आणि त्या तिसरीच्या खोलीतल्या झाडून सगळ्यांना मिळालं. इरफानला मिळालं. त्या फिटरला. कुणावर चिडावं ते कळेना, तेव्हा मी बाईंवर चिडलो.

त्या व्हरांड्यात पायरीवर बसून कागदातला चिवडा खात होत्या. मधल्या सुटीत त्या एकट्याच बसायच्या. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"सुनीताच्या आईनं माझं नाव घेतलं होतं वर्गात?"

"हो."

"कसं घेतलं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे कसं. हसून घेतलं का, लाजून, काय?"

बाईंनी चिवड्यातला शेंगदाणा वेचला. "बरोबर घेतलं. मी चालेल म्हणाले."

"एवढंच?"

"बोरस्ते, मी त्यांची नक्कल करून दाखवणार नाही."

मी तसाच उभा. तेव्हा बाई एकदाच स्वतःबद्दल बोलल्या. त्या आधी नाही, नंतरही नाही. पुडीकडे बघतच बोलल्या.

"माझी आई बागेत मजुरीला जायची. मुकादम तिला 'गांगुर्डेची' म्हणून हाक मारायचा. वस्तीत ती 'प्रमिलाची आई'. ती गेली तेव्हा विहारातल्या लोकांनी बापाला विचारलं, बाईचं नाव काय, प्रार्थनेच्या वेळी घ्यायचंय. तर बाप माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, लाजतोय. तो लाजत नव्हता. त्याला आठवत नव्हतं."

पुडीचा कागद त्यांनी चुरगळला. शाळेची घंटा नव्हतीच शनिवारी, पण त्या घंटा झाल्यासारख्या उठल्या.

"मला आठवतं," मी म्हणालो.

"मग सांगा."

"तुम्हाला कशाला सांगू?"

"मला नका सांगू. परीक्षकाला सांगा. तो हेच विचारणार आहे." आणि आत गेल्या.

परीक्षेच्या आधीचे शनिवार वाईट गेले. बाईंचा खोकला वाढला होता. त्या कुणाला घरी जाऊ द्यायच्या नाहीत. अंधार पडायला आला की शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवायचा आणि त्या त्याला "बास्ता" म्हणायच्या. पुरे. तोही शिकला तो शब्द. माझे फळांचे शब्द पाठ झाले, आकडे झाले, 'मी नाशिकला राहतो' झालं. रविवारी मार्ताबाईंना मी 'मी भाकरी खातो' असं कसंबसं सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या की भराभर बोलायला लागल्या आणि मला पुढचं एक अक्षर कळलं नाही. मी फोन सुनीताकडे द्या म्हणून खुणा करायला लागलो. एवढ्यासाठी एवढे महिने घालवले, असं वाटून त्या रविवारी मी जेवलो नाही.

परीक्षक पुण्याहून आला. कोवळा पोरगा, इस्त्रीचा सदरा, पाण्याची स्वतःची बाटली. बाईंच्या खुर्चीवर तो बसला, बाई मागच्या बाकावर. त्यांना बोलायला मनाई होती. सचिवही दारात येऊन डोकावून गेले. एकेकाला बोलावत होते, बाकीच्यांनी खोलीतच बसून ऐकायचं. इरफान बकरीसकट पास झाल्यासारखा वाटला. कल्पनानं दत्तात्रय असं दणक्यात म्हटलं की शिपायानं वळून बघितलं.

माझा नंबर आला. नाव, गाव, वय, काम सगळं झालं. ठसका लागला, पण झालं. मग त्यानं ते विचारलं. कोमो से यामा सु एस्पोसा.

"ला मामा दे सुनीता," माझ्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

पोरगा हसला. मला समजलं नाही असं त्याला वाटलं. त्यानं हळू, तोडून तोडून परत विचारलं, जसं बहिऱ्याला विचारतात. मी मागं बघितलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या, हातातल्या चष्म्याच्या डबीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. बाईंची खोली आता माझ्या तोंडावर आहे, हे मला कळत होतं. त्यांनाही. आणि त्या मदत मागणार नव्हत्या.

मग मी नाव घेतलं. इथं परत लिहीत नाही. मोठ्यानं घेतलं, आडनावासकट. घेताना काही झालं नाही. छत पडलं नाही. फक्त आपला आवाज आपल्याला ओळखू येऊ नये, तसा वाटला. कल्पना मागं नाक ओढायला लागली.

"मुई ब्येन," पोरगा म्हणाला. छान. आणि कागदावर खूण करून त्यानं पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या कागदावर तो पुढचाच होता, त्याचा काही दोष नाही.

"दोंदे बीबे?" कुठे राहते?

उत्तर मला येत होतं. 'बीबे एन नाशिक.' नाशिकला राहते. आणखी पाच प्रश्न त्याच्याच पुढचे होते: काय काम करते, तिला काय आवडतं, सकाळी कधी उठते. सगळ्यांची उत्तरं मला येत होती, कारण बाईंनी ती माझ्याकडून घोटून घेतली होती, दुसऱ्या माणसांबद्दल. फक्त तोंड उघडून सांगायची होती. मी तोंड उघडलं. त्या खोलीत एवढे महिने बसलो होतो, तिथं जे नाही ते आहे म्हणायला जीभ तयार होईना. ती कुठं राहते? मला माहीत असतं तर मी या पोराला सांगितलं असतं. त्याआधी मीच तिथं गेलो असतो.

पोरानं थोडा वेळ वाट बघितली. पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला. मी टेबलाकडे बघत राहिलो. मग तो मान हलवून "ग्रासियास", म्हणजे आभार, म्हणाला आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं.

निकाल संध्याकाळीच लागला. निम्म्याला एक कमी. तो एक कोण, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षक रिक्षा बघायला गेला, सचिव खाली गेले, माणसं हळूहळू पांगली. बाई खुर्चीशी उभ्या होत्या. मी बाकाशी.

"वाक्य येत होतं?" त्यांनी विचारलं.

"येत होतं."

"मग?"

"खोटं होतं."

बाईंनी खडूची डबी टेबलावर आपटली. "एक वाक्य, बोरस्ते. एक खोटं वाक्य. बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं की इथं..."

"मी काय सांगितलं ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि एकदम खाली बसल्या, त्या पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर घेऊन. त्यांना खोकला आला. बराच वेळ येत राहिला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानं बाजूला केली. मग घेतली. त्या माझ्यावर चिडल्या होत्या आणि मी त्यांच्यावर, आणि दोघांनाही दुसऱ्याला चूक म्हणता येत नव्हतं. मी आजही त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देणार नाही. पण त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही, हेही खरं.

खोली गेली. पुढच्या शनिवारपासून तिथं पोरं चाकं-बॅटऱ्या जोडायला लागली. उन्हाळ्यानंतर संस्थेनं बाईंची बदली नांदगावच्या शाखेत केली. इतिहासच शिकवायचा. शनिवारी तिथं अर्धी शाळा असते आणि दुपारी कुलूप. कल्पनानं फोन करून सांगितलं, मॅडम सकाळच्या बसनं चालल्यात, तुम्ही जाता का, मला फवारणी हाय. मी स्टँडवर गेलो.

बाईंना मी आलेलो आवडलं की नाही ते कळलं नाही. "सामान जास्त नाही," एवढंच म्हणाल्या. एक बॅग होती, एक पिशवी, आणि नकाशाची लांब गुंडाळी. कंडक्टर म्हणाला, गुंडाळी टपावर टाका. बाई म्हणाल्या, टपावर नाही जाणार. त्यांचं थोडं वाजलं. शेवटी तो म्हणाला, "मांडीवर घ्या मग." त्यांनी मांडीवर घेतली, आडवी, शेजारच्या माणसाच्या मांडीवरही अर्धी आली. बाईंकडे बघून कुणी बोलत नसे.

"मार्ताबाईंशी बोलता का?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"जेवण आणि हवा. त्याच्या पुढं जात नाही."

"पुढचं पुस्तक घ्या."

"शिकवणार कोण?"

बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि वाचायला लागल्या. बस सुटायला वेळ होता. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. मी गेलो नाही, त्यांनी जा म्हटलं नाही.

मग बस सुरू झाली, हळूहळू मागे यायला लागली. मी बाजूला झालो. खिडकीत बाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं, मला काहीतरी सांगतायत. मी दोन पावलं पुढं गेलो, कान दिला. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पुस्तकातलं एक स्पॅनिश वाक्य त्या म्हणत होत्या, थांबत होत्या, मान हलवून परत म्हणत होत्या, स्वतःचंच त्यांना पटत नव्हतं. शेजारचा माणूस गुंडाळीखाली हात दाबून धरून समोर बघत होता. बस वळली, काचेवर ऊन आलं आणि पुढचं मला दिसलं नाही.